ब्रूटस नेमका कुठल्या पानावर चुकतो?

“सीझर गर्विष्ठ, कॅशियस मत्सरी, ब्रूटस भोळा, अँटनी धूर्त. झालं की काका, एका पानात बसलं!” पुतणीनं वही मिटली आणि सराफ्यात जायला चपला शोधू लागली. एम.ए.च्या परीक्षेला तीन आठवडे होते आणि तिच्या मते शेक्सपिअरचं ‘ज्युलिअस सीझर’ संपलं होतं. तिला तरी काय बोलणार? बाजारातल्या गाइडांत हेच असतं. पात्राचं नाव, पुढे एक आडवी रेघ, तिच्यापुढे एक दुर्गुण. आपल्या घरांत तर षड्रिपूंचे सहा डबे आधीपासून मांडलेलेच असतात. सीझरला मदाच्या डब्यात टाकायचं, कॅशियसला मत्सराच्या. ब्रूटस कुठल्याच डब्यात मावत नाही, म्हणून त्याला ‘भोळा’ म्हणून बाहेर ठेवून द्यायचं.

आता अडचण अशी की नाटक ब्रूटसचंच आहे. नाव सीझरचं असलं तरी जिवंत सीझर सबंध नाटकात फक्त तीन प्रवेशांत दिसतो आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच मरतो. सगळ्यांत जास्त बोलतो तो ब्रूटस. ज्याच्यावर नाटक उभं आहे तोच माणूस चौकटीत बसत नसेल, तर चौकट बदलायला हवी. ती कशी बदलायची, ते या लेखात सांगतो. परीक्षा असणाऱ्यांनाही उपयोग होईल, पण मी लिहितोय ते मुख्यतः आमच्यासारख्यांसाठी: दर रविवारी सकाळी पोहे-जिलबी उरकली की इंदूरला कृष्णपुऱ्यातल्या आमच्या माडीवर सहा-सात जण जमतात आणि नाटक मोठ्यानं वाचतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेत शिकवणाऱ्या, एक औषधांचं दुकान चालवणारे. इंग्रजीचा प्राध्यापक त्यांत एकही नाही.

पहिली गोष्ट नावांची. रोमन नावांनी पहिल्याच रविवारी आमचे दोन गडी गारद झाले. यात दोन सिना आहेत, एक कटातला आणि एक कवी. डेशियस, मेटेलस, ट्रेबोनियस हे कटवाले एकामागून एक येतात आणि सगळे सारखेच वाटतात. यावर उपाय साधा आहे. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करा, नावाखाली एकच काम लिहा. डेशियस: सीझरला घराबाहेर काढणारा. ट्रेबोनियस: खुनाच्या वेळी अँटनीला बोलण्यात गुंतवून बाजूला नेणारा. स्वभाव लिहू नका, कामच लिहा. एका बैठकीला एकच अंक घ्या, भूमिका वाटून घ्या आणि न थांबता वाचा. शब्द अडला तर अडू द्या.

दुसरी वाचणी वही घेऊन करायची. तिच्यात मी तीन रकाने पाडायला सांगतो. सल्ला कुणी दिला, कुणाला दिला, आणि तो न ऐकायला कारण काय सांगितलं. एवढंच. पात्राचा दोष म्हणजे त्याच्या कपाळावरचा शिक्का असं आपण धरून चालतो. अॅरिस्टॉटलनं वापरलेला ‘हमार्शिया’ हा शब्द मुळात तिरंदाजीतला, निशाणा हुकण्याचा. मराठीत आपण ‘नेम चुकला’ म्हणतो ते त्याला जास्त जवळचं, ‘दोष’ हा शब्द जरा लांबचा. नेम चुकायला हातात धनुष्य असावं लागतं, बाण सोडण्याचा क्षण असावा लागतो. तो क्षण शोधायचा, आणि बहुतेक वेळा त्याच्या आगेमागे दुसरं कुणीतरी ‘असं करू नका’ म्हणत उभं असतं.

ब्रूटसपुरती वही भरून पाहा. कटातली माणसं पहिल्यांदा त्याच्या घरी जमतात, तेव्हा कॅशियस म्हणतो, शपथ घेऊ या. ब्रूटस म्हणतो, नको, आपल्यासारख्यांना शपथ कशाला? सिसेरोला बरोबर घ्यायचं ठरत असतं. ब्रूटस म्हणतो, नको, दुसऱ्यानं सुरू केलेल्या कामात तो पडणार नाही. कॅशियस म्हणतो, सीझरबरोबर अँटनीलाही संपवू. ब्रूटस म्हणतो, नको, अँटनी म्हणजे सीझरचा हात, डोकं उडवल्यावर हात काय करणार? खुनानंतर अँटनी अंत्यविधीला बोलण्याची परवानगी मागतो. कॅशियस ब्रूटसला बाजूला घेऊन विनवतो की हे करू नकोस. ब्रूटस म्हणतो, मी आधी बोलीन, मग काही बिघडत नाही. शेवटी फिलिपायला चाल करून जायचं की इथेच थांबून शत्रूला दमवायचं, यावर कॅशियस म्हणतो थांबू, ब्रूटस म्हणतो निघू. आणि लढाईतही ब्रूटस हल्ल्याचा हुकूम वेळेआधी देतो, ही तक्रार टिटिनियसच्या तोंडी आहे.

हे पाच-सहा निर्णय एकाखाली एक लिहिले की दिसतं ते असं: कारण प्रत्येक वेळी वेगळं आणि प्रत्येक वेळी उदात्त. सिसेरोचा अपवाद सोडला, तर कुठल्याही कारणात क्षुद्रपणा सापडत नाही. आणि कॅशियस प्रत्येक वेळी मान तुकवतो, कारण समोरच्याच्या चांगुलपणाशी भांडायचं कसं हे त्याला कळत नाही. आमच्या बँकवाल्या काकांनी तिसऱ्या रविवारी पुस्तक खाली ठेवलं आणि म्हणाले, “अहो, हा तर आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे! एक पैसा खात नाही, त्यामुळे कुणाचं ऐकतही नाही.” त्या दिवशी मला काही शिकवावं लागलं नाही.

तर ब्रूटसला भोळा म्हणू नका. आपण स्वच्छ आहोत म्हणून आपण बरोबर आहोत, हे त्यानं गृहीत धरलंय. हा सहा रिपूंतला एकही नाही. याला नाव द्यायचंच असेल तर देऊ नका, पान दाखवा.

ते पान दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात आहे. रात्र आहे, ब्रूटसला झोप नाही, तो घराच्या बागेत एकटाच बोलतोय. हे स्वगत सावकाश वाचा, जमलं तर दोनदा. पहिल्याच वाक्यात तो निकाल देऊन टाकतो: सीझरला मरावंच लागेल. त्यानंतर तो कारणं शोधायला बसतो. वैयक्तिक वैर नाही, हे तो कबूल करतो. सीझरच्या वासनेनं त्याच्या बुद्धीवर आजवर कधी मात केलेली नाही, हेही कबूल करतो. म्हणजे आजच्या सीझरविरुद्ध त्याच्याकडे पुरावा नाही. मग तो उद्याच्या सीझरला उभा करतो. मुकुट मिळाल्यावर हा बदलेल, बदलू शकतो, बदललाच तर. आणि शेवटी सापाच्या अंड्याची उपमा देऊन फुटायच्या आत ठेचायचं ठरवतो. सर्वांत मोलाची जागा त्याच्या थोडी आधी आहे. तिथे तो स्वतःलाच सांगतो की आज जो आहे त्या सीझरवर आरोप टिकणार नाही, तेव्हा तो अशा रीतीनं मांडू. अप्रामाणिक माणूस हे वाक्य बोलणार नाही. प्रामाणिक माणूसच स्वतःला इतकं उघडपणे फसवू शकतो.

लगेच पुढे एक छोटा तपशील आहे, घाईत सुटतो. नोकर पोरगा ल्यूशियस खिडकीपाशी सापडलेली चिठ्ठी आणून देतो. आपल्याला माहीत असतं की अशा चिठ्ठ्या कॅशियसनं वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहवून टाकायची व्यवस्था केलीय. चिठ्ठीत वाक्य अर्धवट सोडलेलं आहे, आणि गाळलेली जागा ब्रूटस स्वतः भरतो. आपल्याला हवी तशी. १७७३ सालच्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट सांगताना आपण ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका सांगतो. तिथे लिहिणाऱ्यानं अक्षर बदललं असं म्हणतात. इथे कॅशियसला तेवढेही कष्ट पडत नाहीत, वाचणाराच अक्षर घालतो. वहीत या जागी एक फुली मारून ठेवा.

इथे मी जरा आमच्या गल्लीबाहेर डोकावतो, कारण परवा हे पान वाचून झाल्यावर आम्ही उठून छत्र्यांपर्यंत चालत गेलो होतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या कान्हेच्या काठावर आहेत, राजवाड्यापासून चालत पाच-सात मिनिटं. एक कृष्णाबाई होळकरांची, आणि जोडीनं उभ्या असलेल्या दोन: दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. भिंतींवर शिपाई आणि वादक कोरलेत. कृष्णाबाई, म्हणजेच केसरबाई, या यशवंतराव होळकरांचा मुलगा मल्हारराव याच्या आई, १८४९ मध्ये वारल्या. ज्या मुलाच्या त्या आई, त्याच्या लहानपणी जे घडलं ते ‘ज्युलिअस सीझर’ वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

यशवंतराव २८ ऑक्टोबर १८११ ला भानपुऱ्यात वारले. मल्हारराव पोर होता, कारभार यशवंतरावांच्या घरातल्या तुळसाबाईंच्या हाती आला. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांची फौज महिदपूरच्या दिशेनं येत होती आणि बाई इंग्रजांशी बोलणी करतायत असा सरदारांना संशय होता. जॉन मॅल्कमनं लिहिलंय त्यानुसार, तंबूबाहेर खेळत असलेल्या मल्हाररावाला आधी फूस लावून दूर नेलं, मग बाईंवर पहारा बसवला. २० डिसेंबरला शिप्रेच्या काठी बाईंचा शिरच्छेद करून धड नदीत टाकलं. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, महिदपूरची लढाई झाली आणि होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह. सातपुड्याखालचा मुलूख गेला, तैनाती फौज आली. ज्यांच्यावर कटाचा आरोप होता त्या सरदारांतल्या गफूरखानाला त्याच तहात जावऱ्याची जहागीर पक्की झाली. आणि राजधानी इंदूरला आली. आपल्या शहराचं राजधानीपण त्या पराभवानंतरचं आहे.

राज्य वाचवायला राज्यकर्त्याला मारायचं आणि त्यानंतर राज्यच हातचं घालवायचं, हा रोमचा मार्च आणि फिलिपायचा ऑक्टोबर झाला. आमच्या मास्तरीणबाई मात्र लगेच म्हणाल्या, “पण हे सांगतोय कोण?” प्रश्न अगदी योग्य होता. मॅल्कम त्या लढाईत इंग्रजांकडून चढाईच्या आघाडीवर होता आणि तहही त्यानंच केला. तुळसाबाईंचे दुर्गुण त्यानं भरपूर लिहिलेत. जिंकलेल्यानं हरलेल्यांच्या घरातला खून सांगितलाय. तो खोटा म्हणायचं कारण नाही, पण विशेषणं त्याची आहेत. तारीख घ्या, विशेषण बाजूला ठेवा. नाटकाच्या वहीतही हाच नियम लावा. अँटनी ब्रूटसविषयी बोलला, कॅशियस सीझरविषयी बोलला, तर ते बोलणं बोलणाऱ्याच्या रकान्यात जातं. (छत्र्यांपासून निघालेलं कान्हेचं पाणी उज्जैनपाशी शिप्रेला मिळून पुढे महिदपुरावरूनच जातं. आजच्या कान्हेचं पाणी बघून हे सांगताना जरा लाजच वाटते, पण ते असो.)

कॅशियस या नियमासाठी फार चांगलं उदाहरण आहे. पहिल्या अंकात तो ब्रूटसला दोन किस्से सांगतो. टायबर नदीत पैज लावून पोहताना सीझर बुडायला लागला आणि मी त्याला खांद्यावर काढलं. स्पेनमध्ये तापानं फणफणला तेव्हा आजारी पोरीसारखा पाणी मागत होता. दोन्ही किस्से सीझरच्या राजकारणाबद्दल काहीच सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात की जो माझ्यापेक्षा अंगानं कमी, तो माझ्यापेक्षा मोठा कसा? मत्सर आहेच, नाकारायचं कारण नाही. पण ब्रूटस गेल्यावर तो जे एकटाच बोलतो ते गाइडांत क्वचितच येतं: मी ब्रूटस असतो आणि तो कॅशियस असता, तर मी त्याच्या बोलण्यात आलो नसतो. म्हणजे ब्रूटसचा नेम चुकणार हे नाटकात पहिल्यांदा ओळखतो तो कॅशियस. आणि हाच माणूस नंतर प्रत्येक वेळी त्याच ब्रूटसपुढे माघार घेतो. मत्सरी माणसाला एकाविषयी खरंखुरं प्रेम असू शकतं, हे षड्रिपूंच्या डब्यात कुठे बसवणार?

त्याचा शेवट बघा. लढाईत टिटिनियस शत्रूच्या हाती सापडला असं दूर टेकडीवरून बघणारा गुलाम पिंडारस सांगतो. कॅशियसची नजर अधू, स्वतःला दिसत नाही. तो त्या बातमीवर विश्वास ठेवून जीव देतो, सीझरला भोसकलेल्या तलवारीनंच, आणि स्वतःच्या वाढदिवशी. टिटिनियसला वेढणारे घोडेस्वार मात्र त्याच्याच बाजूचे असतात, आनंदानं ओरडत असतात. सगळ्यांच्या मनातलं वाचणारा माणूस शेवटी नेमकं तेवढंच चुकीचं वाचतो. इथे वहीच्या पहिल्या रकान्यात कुणीही नाही. त्याला सल्ला द्यायला त्या क्षणी जवळ कुणीच नसतं.

सीझरवर फार वेळ घालवू नका. त्याचा गर्व मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, शेवटच्या भाषणात तर तो स्वतःला ध्रुवतारा म्हणवून घेतो आणि पुढच्या क्षणी सुरे बाहेर येतात. एवढ्या ठळक गोष्टीसाठी वही कशाला? मी फक्त दोन ठिकाणी थांबायला सांगेन. एक, कॅशियसची भीती बाळगावी पण मी कुणाला भिणारा नाही, असं अँटनीला सांगून झाल्यावर त्याच दमात सीझर म्हणतो, उजव्या बाजूला ये, या कानानं मला ऐकू येत नाही. हा बहिरेपणा शेक्सपिअरनं पदरचा घातलाय. दुसरं, खुनाच्या दिवशी आर्टेमिडोरस कटाची माहिती लिहिलेला कागद सीझरच्या हाती देऊ पाहतो. शेक्सपिअरनं ज्याच्या चरित्रांचा आधार घेतला तो प्लुटार्क म्हणतो की सीझरनं कागद घेतला, वाचायचा प्रयत्नही केला, पण गर्दीमुळे जमलं नाही. नाटकातला सीझर म्हणतो, स्वतःच्या संबंधातलं सगळ्यांत शेवटी. प्लुटार्कमध्ये तो दुर्दैवी ठरतो. शेक्सपिअरनं गर्दी काढून तिथे एक निर्णय ठेवला. मूळ हकिगत आणि नाटक यांत असा फरक दिसला की तिथे लेखकानं मुद्दाम बोट ठेवलंय असं समजा. प्लुटार्कचं टॉमस नॉर्थनं केलेलं इंग्रजी भाषांतर १५७९ चं, नाटक १५९९ च्या सुमाराचं. मधल्या वीस वर्षांत ते पुस्तक इंग्रजी वाचकांच्या ओळखीचं झालं होतं.

अँटनीचं भाषण सगळ्यांना पाठ असतं. म्हणूनच मी सांगतो की तिसऱ्या अंकातलं भाषण वाचून झाल्यावर चहा घेऊ नका, लगेच चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश काढा. भाषणात अँटनीनं सीझरचं मृत्युपत्र वाचून लोकांना रडवलंय: दर माणशी पंच्याहत्तर द्राख्मा, शिवाय बागा लोकांना मोकळ्या. पुढच्या अंकात तो, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस टेबलाभोवती बसून कुणाकुणाला मारायचं त्याच्या नावांवर खुणा करतायत. लेपिडस स्वतःच्या भावावर खूण करू देतो, अँटनी स्वतःच्या भाच्यावर. आणि मग अँटनी लेपिडसला सांगतो, सीझरच्या घरून ते मृत्युपत्र घेऊन ये, त्यातली देणी कुठे कमी करता येतील ते बघू. चार ओळींचा प्रवेश म्हणावा इतका तो छोटा आहे. आमच्या औषधवाल्यांनी तिथे पुस्तक उलटं ठेवलं. मागच्या रविवारी अँटनीचं भाषण त्यांनीच वाचलं होतं, अगदी डोळ्यांत पाणी आणून.

या दोन प्रवेशांच्या मध्ये कवी सिनाचा प्रवेश आहे. जमाव त्याला अडवतो, नाव विचारतो, तो सिना सांगतो. मी कटातला नव्हे, कवी, असं तो ओरडतो, तर लोक म्हणतात, मग वाईट कवितांसाठी मारा. तीस-चाळीस ओळी असतील. ‘जमाव’ या पात्राचा स्वभाव गाइडात ‘चंचल’ असा लिहिलेला असतो. या प्रवेशानंतर तो शब्द फार सौम्य वाटेल.

बायकांकडे सगळे घाईनं बघतात, आम्हीही बघितलं होतं. वही मात्र तसं करू देत नाही. पहिल्या रकान्यात, म्हणजे सल्ला देणाऱ्यांत, सीझरची बायको कॅल्पूर्निया येते आणि तिसऱ्या रकान्यात तिच्यासमोर चांगलं कारण येतं; ब्रूटसची बायको पोर्शिया तिथे येते का, ते बघावं लागतं. कॅल्पूर्नियाच्या स्वप्नातल्या पुतळ्यातून रक्त वाहतं. सीझर घरी थांबायला तयार होतो, आणि डेशियस त्याच स्वप्नाचा उलटा अर्थ लावून त्याला बाहेर काढतो. पोर्शिया स्वतःच्या मांडीवर जखम करून दाखवते, गुपित सांगा म्हणते. ब्रूटस विरघळतो, सांगायचं वचन देतो. तिच्या पुढच्या प्रवेशात ती बेचैन होऊन ल्यूशियसला सिनेटकडे पिटाळते, म्हणजे तोवर तिला कळलेलं आहे. तिनं सल्ला दिला का? नाटक सांगत नाही. तो रकाना मोकळा ठेवा.

आता चौथ्या अंकातला तंबू. माझ्या मते ब्रूटस समजून घ्यायचा तो इथे, भाषणात नाही. तो कॅशियसवर तुटून पडतो: तुझा हात पैशासाठी खाजतो, तू पदं विकतोस, आणि आपण सीझरला न्यायासाठी मारलं ना? ऐकताना आपण ब्रूटसच्या बाजूनं होतो. थोडं पुढे तोच म्हणतो, मी तुझ्याकडे सोनं मागितलं होतं, तू दिलं नाहीस. मला काही वाईट मार्गानं पैसा उभा करता येत नाही. म्हणजे कॅशियसनं वाईट मार्गानं पैसा उभा करावा, ब्रूटसनं तो स्वच्छ हातानं घ्यावा. हे त्याच्या लक्षातही येत नाही. मी त्या बैठकीला सगळ्यांना विचारलं की हे वाक्य वाचताना कुणाला आपल्या घरातलं कुणी आठवलं का. बराच वेळ कुणीच बोललं नाही, मग मास्तरीणबाईंनी विषय बदलला.

आणि त्याच तंबूत, त्याच रात्री, ल्यूशियस वाद्य वाजवता वाजवता झोपी जातो. ब्रूटस उठतो, त्याच्या हातातलं वाद्य पडून फुटू नये म्हणून हळूच काढून घेतो आणि दुमडून ठेवलेलं पुस्तकाचं पान शोधतो. सोन्याचं वाक्य आणि हे वाद्य दोन्ही एकाच प्रवेशात आहेत. परीक्षेच्या उत्तरात एक घेतलं आणि दुसरं सोडलं, तर उत्तर अर्धं झालं.

मराठीत वाचणाऱ्यांसाठी थोडं. हे नाटक मराठीत आलं ते फार लवकर, काशिनाथ गोविंद नातूंचं ‘विजयसिंग’ १८७२ मधलं. पुढच्या काळातलं वाचायचं तर मंगेश पाडगावकरांचं भाषांतर आहे. कुठलंही घ्या, पण वाचताना सर्वनामांवर नजर ठेवा. इंग्रजीतल्या ‘यू’समोर मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ असे तीन दरवाजे उभे राहतात आणि भाषांतरकाराला प्रत्येक वाक्याला त्यातला एक निवडावा लागतो. ब्रूटस कॅशियसला तू म्हणतो की तुम्ही? पोर्शिया नवऱ्याला? ल्यूशियस मालकाला? आम्ही एकदा तंबूचा प्रवेश दोनदा वाचला, एकदा दोघांत ‘तुम्ही’ घालून आणि एकदा ‘तू’. ‘तुम्ही’तलं भांडण खात्यातल्या दोन अधिकाऱ्यांचं वाटलं. ‘तू’नं ते भावांचं झालं. शेवटी सीझर ब्रूटसला उद्देशून जे तीन लॅटिन शब्द बोलतो, त्यातला एक ‘तू’च आहे, अर्थ तोच, उच्चारही जवळजवळ तोच. हा एक शब्द कुठल्याच मराठी भाषांतरकाराला शोधावा लागला नसेल.

सिनेमा बघायचा असेल तर १९५३ चा, जोसेफ मँकीविच यांचा. मार्लन ब्रँडो अँटनी, जेम्स मेसन ब्रूटस, जॉन गिलगुड कॅशियस. पण वाचन झाल्यावरच बघा. ब्रँडो इतका देखणा अँटनी करतो की मृत्युपत्राचा प्रवेश विसरायला होतो.

परीक्षार्थींना एकच सांगतो. ‘ब्रूटसचा शोकात्म दोष स्पष्ट करा’ असा प्रश्न आला तर दोषाच्या नावानं सुरुवात करू नका. एक निर्णय घ्या, तो घेताना समोर कोण काय म्हणत होतं ते लिहा, ब्रूटसनं दिलेलं कारण लिहा, त्याचा परिणाम लिहा. मग दुसरा घ्या. तीन निर्णयांत उत्तर होतं, नाव तपासणारा स्वतःच देईल.

पुतणीनं पुढच्या रविवारी वही आणली. तिनं तीनही रकाने पाचव्या अंकापर्यंत भरले होते आणि शेवटच्या पानावर अडकली होती. लढाई हरल्यावर ब्रूटस मरायला कुणाची तरी मदत मागतो. क्लायटस नाही म्हणतो. डार्डेनियस नाही म्हणतो. व्हॉल्युम्नियस, बरोबर शिकलेला मित्र, तोही नाही म्हणतो. “काका, इथे तर सगळे त्याला नाही म्हणतायत, आणि तो कारण न देता पुढच्याकडे जातोय. हे कुठल्या रकान्यात लिहू?” चौथा स्ट्रेटो. त्याचा तर एवढ्यात डोळा लागलेला असतो. तो तलवार धरायला तयार होतो, पण म्हणतो, आधी मला तुमचा हात द्या.

तिसऱ्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं ‘हात’ एवढंच लिहिलंय.